मौनाची मुदत

माझ्या घराच्या मागच्या खोलीला स्वतंत्र दार आहे, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकच. त्यामुळे त्या खोलीत जो कोणी भाड्याने राहतो त्याची आणि माझी रोज गाठ पडते, दोघांची इच्छा असो वा नसो. आजवर तिथे बरेच जण राहून गेले. रात्रपाळी करणारी एक परिचारिका होती, टंकलेखन शिकवणारे एक गृहस्थ होते, भांडतानासुद्धा कुजबुजत भांडणारं एक जोडपं होतं. त्यांच्यापैकी कोणाविषयी काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. जिच्याविषयी हे लिहिते आहे तिला खोली सोडून जाऊन आता बराच काळ लोटला, तरी न्हाणीघराचं दार मी अजून आधी ठोठावते आणि मग आत जाते. आत कोणी नसतं हे ठाऊक असूनही हात आपोआप उठतो.

ती आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. केस घट्ट विंचरलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि दारात कोणी समोर आलं की आपणच आधी बाजूला व्हायची सवय. स्वतःच्या खोलीच्या दारातसुद्धा ती बाजूला व्हायची. विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेतला आहे म्हणाली. विषय विचारला तर आंतरराष्ट्रीय संबंध. त्यात नेमकं काय शिकवतात, असं मी विचारलं. देश एकमेकांशी कसे बोलतात ते, असं ती म्हणाली. मग जरा थांबून तिने पुढे जोडलं, "आणि बोलत नाहीत तेव्हा काय करतात, ते."

आमच्या तळमजल्यावर एक शिंपी बसतो. टोपणनाव दिल्याशिवाय त्याला कोणताही भाडेकरू पचत नाही. हिचं नाव त्याने परराष्ट्रमंत्री ठेवलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला वयाची अट नसते वाटतं, असं तो तिच्या पाठीमागे म्हणायचा आणि ती ऐकू जाईल इतक्याच अंतरावर असायची. एकदा त्याने तिला जिन्यात अडवून विचारलं, देशांची भांडणं मिटवता, तर माझ्या दोन बहिणींचं काय ते सांगा. तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "सीमा आखलेली आहे का?"

"सीमा कसली, शिवणयंत्र आहे," शिंपी म्हणाला. "आईचं. दोघींना तेच हवंय."

ती त्या रात्री खरोखर त्यावर विचार करत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सामायिक नद्यांच्या पाण्याचे करार असतात तसा वापराचा करार करता येईल, एक बहीण उन्हाळ्यात, दुसरी हिवाळ्यात. शिंप्याने ते ऐकून कपाळाला हात लावला, पण नंतर तो तिच्याशी जरा नीट बोलू लागला.

तिची हकिगत मला एकदम कळली नाही. भांडी विसळताना, दूध उतू जाऊ नये म्हणून दोघी शेगडीपाशी उभ्या असताना, अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. भावंडं तिघं. मोठा भाऊ, मधली बहीण, ही धाकटी. वडील लवकर गेले. भाऊ आणि बहीण आपापल्या संसारात, दूरच्या शहरांत. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ही नुकतीच पदवी घेऊन एका शाळेच्या कचेरीत लागली होती. कोणीतरी आईजवळ राहणं भाग होतं. सगळे बाहेरच्या खोलीत बसले. वहिनीने मुलांच्या शाळेचं सांगितलं, बहिणीने सासूच्या डोळ्यांचं सांगितलं, मग सगळे गप्प झाले. हीसुद्धा गप्प होती. तिला राहा असं कोणीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं सामान बांधून निघाले तेव्हा तिला कळलं की ठरलेलं आहे.

मग एकोणीस वर्षं ती आणि आई. आईला उठता येत नव्हतं, पण कान तिखट होते आणि जीभ जड झाली तरी शाबूत होती. दिवसभर रेडिओ चालू असायचा. जगाच्या बातम्या लागल्या की आई हात वर करून हिला थांबवायची, अगदी अंग पुसणं चालू असलं तरी. पलंगासमोरच्या भिंतीवर शाळेतून मोडीत काढलेला जगाचा नकाशा लावला होता. कुठे युद्ध झालं, कुठे तह झाला, की हिने छडीने ती जागा दाखवायची. कुठेतरी सरकार पडलं की आई म्हणायची, "आपलं बरं आहे. आपण दोघीच. पाडायला कोण येणार?"

आई गेल्यावर घर बंद झालं. हिला करण्यासारखं काही उरलं नाही. कोणी म्हणे पुन्हा शाळेत बघ, कोणी म्हणे आता तरी स्थळं बघू या, आणि हे म्हणताना हसू दाबत. तिने विद्यापीठाची जाहिरात पाहिली आणि अर्ज केला. कारण मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नकाशावरचे सगळे देश ओळखीचे झाले होते, माणसं तेवढी कोणी उरली नव्हती.

वर्गात तिच्याहून निम्म्या वयाची मुलं. त्यांना शिकवायला एक निवृत्त राजदूत यायचे. वर्षभर ते एकच खेळ खेळवत. लांब टेबल, प्रत्येकासमोर एका देशाच्या नावाची पाटी, आणि नियम असा की त्या खोलीत कोणीही "मला वाटतं" म्हणायचं नाही. "माझ्या शासनाचं म्हणणं आहे" असं म्हणायचं. पहिल्या दिवशी मुलांनी धावत जाऊन मोठमोठे देश पटकावले. ही दाराशी बाजूला झाली, सगळे आत गेल्यावर आत गेली. तिच्या वाट्याला एक बेट आलं. नकाशावर ते शोधायला टाचणीचं टोक लागायचं आणि टाचणी टेकवली की बेट दिसेनासं व्हायचं. तिने तक्रार केली नाही. त्या बेटाचा पाऊस, त्याचे मासे, त्याची एकुलती एक धावपट्टी, सगळं तिने असं अभ्यासलं की जणू तिथे तिची कोणी मावशी राहते.

एकदा ती चष्मा दोरीसकट घरी विसरली म्हणून मी तो द्यायला विद्यापीठात गेले. दुपारच्या सुट्टीची वेळ होती. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले होते त्या वळणावर, ती पायरीवर बसून डबा खात होती. तिच्या अंगावरून वर्गातल्या मुलांचा घोळका खाली उतरला. मुलं वाईट नव्हती. प्रत्येकाने "ताई, येतो हं" म्हटलं आणि पाय लागू नये म्हणून जपून पावलं टाकली. थांबलं कोणी नाही. मला पाहून ती गडबडीने उठली.

"इथे उजेड चांगला असतो," ती म्हणाली.

त्या वळणावरचा दिवा गेलेला होता. मी चष्मा दिला आणि बाजारात काम आहे सांगून निघाले.

दुसऱ्या सहामाहीत एका संध्याकाळी ती घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. चपलासुद्धा काढायच्या राहिल्या होत्या. सरांनी त्या दिवशी एक नवी पद्धत शिकवली होती. मोठ्या परिषदांत प्रत्येक गोष्टीवर सगळ्यांची मतं घेत बसलं तर घोडं पेंड खातं. म्हणून मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि एक मुदत देतात. त्या मुदतीपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर. ह्याला मसुदा मौनात ठेवणं म्हणतात. ज्याला तो नको असेल त्याने मुदतीआधी मौन मोडायचं. मोडलं नाही, तर तुमची संमती आहे आणि नंतर कुरकुर चालत नाही.

मी म्हटलं, ही पद्धत आमच्या कॉन्व्हेंट शाळेत होती. आमच्या मदर सुपिरिअर "कोणाची हरकत?" असं विचारायच्या आणि वाक्य संपायच्या आत हातातली घंटा वाजवायच्या. सहलीचे सगळे ठराव असेच मंजूर व्हायचे आणि सहल दर वर्षी कबरस्तानालगतच्या बागेत जायची.

त्यावर ती हसली. तोवर मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. पण ते झाल्यावर ती म्हणाली, "नाही मावशी, इथे वेगळं आहे. इथे गप्प बसणं म्हणजे काय, हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं."

पुढच्याच आठवड्यात वर्गात समुद्री मासेमारीचा मसुदा मौनात ठेवला गेला. सगळ्यांनी तो मंजूर धरला होता. मुदत संपता संपता हिच्या बेटाने मौन मोडलं. मोठ्या जहाजांनी किनाऱ्याच्या किती जवळ यावं, ह्या एका कलमावर. सगळी परिषद अडली. सर्वांत मोठ्या देशाचा जो मुलगा होता, त्याला ती घरी महासत्ता म्हणायची, तो तिला शोधत ग्रंथालयाच्या जिन्यात आला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. काय हवंय तुमच्या बेटाला, असं विचारलं. दोघांनी वाद घातला, मग तिच्या डब्यातला भात वाटून खाल्ला, मग पुन्हा वाद घातला. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उन्हातून आल्यासारखा दिसत होता. कलम बदललं, मसुदा मंजूर झाला. महासत्ता पुन्हा आपल्या मित्रांत कँटीनमध्ये बसू लागली. ह्याचं तिला फार वाईट वाटलं असं ती म्हणाली नाही. पण एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. ज्याला काही सलतं तो हरकत घेतो. जो हरकत घेत नाही, त्याला चालतं.

आणि मग तिने ती पद्धत घरी नेली.

आईच्या घराचं काय करायचं, हे तिघांत कधी ठरलंच नव्हतं. भाऊ फोनवर "बघू" म्हणायचा. बहीण "दादा म्हणेल तसं" म्हणायची. हिला ते घर हवं होतं. विकायला नाही, वाटणीला नाही, राहायला. शिक्षण झालं की तिथे परत जायचं, गावातल्या महाविद्यालयात शिकवायचं, आईच्या खोलीत पुस्तकं लावायची, एवढंच तिला जगात हवं होतं. ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेसुद्धा पाठमोरं उभं राहून, ओटा पुसता पुसता.

मी म्हटलं, भावाला फोन कर आणि हेच सांग.

फोनवर दादा बघू म्हणतो, ती म्हणाली. लिहिलेलं बरं. दोन संध्याकाळी बसून तिने मसुदा तयार केला आणि मला वाचून दाखवला. सुरुवातीला प्रस्तावना होती. भाऊ पक्ष क्रमांक एक, बहीण पक्ष क्रमांक दोन, ती स्वतः पक्ष क्रमांक तीन. घर विकू नये व भाड्याने देऊ नये. पक्ष क्रमांक तीनने शिक्षण पूर्ण होताच तेथे वास्तव्य करावे आणि डागडुजी पाहावी. पक्ष क्रमांक एक व दोन ह्यांच्यासाठी प्रत्येकी एक खोली कायम राखून ठेवावी, गाद्यांसह. शेवटी लिहिलं होतं की रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हरकत न आल्यास मसुदा सर्वांना मान्य आहे असे समजण्यात येईल.

गाद्यांसह हे शब्द ऐकून मला हसू आलं. तिला नाही आलं. बहिणीची पाठ दुखते, ती म्हणाली.

भावंडांचा फोनवर एक समूह होता. सणासमारंभाच्या शुभेच्छा आणि तब्येतीच्या युक्त्या ह्यांपलीकडे त्यावर काही येत नसे. तिथे तिने तो मसुदा पाठवला. रविवारी दुपारपासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून होती, फोन समोर, पुस्तक उघडं, पान तेच. वाचल्याच्या खुणा आल्या होत्या. बहिणीने मधेच गुडघेदुखीवरच्या व्यायामाचं एक चित्र पाठवलं, म्हणजे ती जागी होती. सहा वाजले. हरकत आली नाही. तिने आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. घड्याळं मागेपुढे असतात, असं तिचं म्हणणं होतं.

मग ती उठली आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेऊन आली. साधा, वर काही नसलेला. दोन ताटल्या घेतल्या. मी खात होते, पण माझा चेहरा तिला दिसत असणार.

"काय झालं मावशी?"

"कोणी 'हो' म्हटलं नाही गं."

"'हो' म्हणायची गरजच नसते," ती म्हणाली. अगदी समजावून सांगितल्यासारखं, लहान मुलाला सांगतात तसं. मी पुढचा घास घेतला. केक चांगला होता.

त्यानंतरचे तीन-चार महिने मी तिला जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. गावातल्या महाविद्यालयाला तिने पत्र टाकलं. प्रबंधासाठी तिने हाच विषय घेतला, मौनातून होणारे निर्णय. आधी वर्ग सुटल्यावर कोणी बोलायला थांबेल म्हणून ती रेंगाळायची, आता सरळ घरी यायची.

मोठ्या सुट्टीत तिने घर उघडून झाडून यायचं ठरवलं. मलाही बरोबर चला म्हणाली. माझे यजमान गेल्यापासून मी गाव सोडून कुठे गेले नव्हते. बसचा अर्धा दिवसाचा प्रवास. वाटेत ती मला खिडकीतून शाळा, पाण्याची टाकी, मिशनचा दवाखाना असं दाखवत राहिली आणि तिच्या आवाजात असा काही सूर होता की मी प्रत्येक गोष्टीला वळून पाहत होते.

घराच्या ओसरीत मुलांची तीनचाकी सायकल होती. दोरीवर कपडे वाळत होते. तिने किल्ली काढली आणि कुलपात घातली. ती फिरली नाही. तिने किल्ली काढून पुसली आणि पुन्हा घातली. तेवढ्यात आतून दार उघडलं. एक तरुण बाई, ओले हात पदराला पुसत.

"कोण हवंय?"

हिने किल्ली मुठीत घेतली. मीच सांगितलं की ही ह्या घरातली धाकटी मुलगी. ती बाई इतकी ओशाळली की मला तिचीच दया आली. या, बसा, असं म्हणून तिने आम्हाला आत नेलं. नवरा गावातल्या बँकेत रोखपाल होता, दोन मुलं शाळेत. चार महिने झाले राहायला येऊन. हिच्या भावाने दिलं होतं, कुलूपही त्यानेच नवं बसवून दिलं. तुमच्याविषयी ते सांगत होते, बाई म्हणाली, बाहेर शिकायला असतात म्हणून.

आम्ही पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसलो. चहा आला. आईची खोली पाहू का, असं हिने विचारलं. तिथे आता मुलांची दोन टेबलं होती, दप्तरं, एका टेबलावर रंगाचं पाणी सांडलेलं. नकाशा भिंतीवरच होता. मुलांना आवडला म्हणून राहू दिला, बाई म्हणाली, हवा असेल तर काढून देते. राहू दे, ही म्हणाली. बाकीचं आईचं सामान मागच्या कोठीत नीट बांधून ठेवलं होतं. तेही तिने बाहेरूनच पाहिलं. निघताना ती म्हणाली, आपण केलेल्या स्वागताबद्दल आभारी आहे. असं वाक्य कोणी घरी बोलत नाही. ते तिला वर्गात शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणी दुसरं कुठलं वाक्य तिच्याकडे नसावं.

परतीची बस यायला वेळ होता. बसस्थानकाच्या सिमेंटच्या बाकावर बसून तिने भावाला फोन लावला. तो मोठ्याने बोलणारा माणूस. मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि उठून जायला दुसरा बाक नव्हता.

आधी त्याला कशाबद्दल चाललं आहे तेच कळेना. कुठला मसुदा? मग त्याला आठवलं. "अगं, ते पक्ष क्रमांक अमुक, पक्ष क्रमांक तमुक? ते तुझ्या कॉलेजचं होतं ना? आम्हाला वाटलं चुकून इकडे टाकलंस. ताई तर म्हणाली, बघ किती छान लिहिते, परीक्षेत पहिली येणार."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि घराचं म्हणशील तर आई गेली तेव्हाच मी विचारलं होतं, भाड्याने देऊ या का म्हणून. सगळे होतो आपण. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं तुला चालतंय."

"मला चालत नव्हतं, दादा."

"मग बोलायचं ना."

"आता बोलते आहे. मला ते घर हवंय. राहायला. मी इतकी वर्षं तिथेच होते."

पलीकडे आवाज थांबला. बसस्थानकावरचा भोंगा वाजून गेला तरी तो काही बोलला नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या फलाटाकडे बघत होती.

"तू गप्प आहेस," ती म्हणाली. "मी ह्याचा काही अर्थ लावणार नाही. काय ते तू सांग."

"नाही जमणार गं," भाऊ म्हणाला. आवाज खाली आला होता. "आम्ही त्यांना शब्द दिलाय. वर्षभराने तेच विकत घेणार आहेत. ताईचंही तेच म्हणणं आहे. तुझी सही लागेल तेव्हा तुला सांगणारच होतो." मग जरा वेळाने, "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. आम्ही दोघी सकाळपासून उपाशी होतो.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. एकदाच बोलली. शेवटी मला उत्तर तर मिळालं, असं म्हणाली, आणि मग पुढे म्हणाली की उत्तर मिळाल्यावर इतकं रिकामं वाटतं हे पुस्तकात नाही.

सुट्टीनंतर दुसऱ्या वर्षीही तिचं वर्गात जाणं चालू राहिलं. डबा खायला ती त्याच वळणावर बसत असणार. मी विचारलं नाही. एकदा तिने मला वर्गात घडलेला एक प्रसंग सांगितला. वर्षअखेरची परिषद होती. सर मसुदा मौनात ठेवणार, इतक्यात हिने बोलायची परवानगी मागत पाटी उभी केली आणि मागणी केली की प्रत्येक देशाला नाव घेऊन विचारावं आणि प्रत्येकाने तोंडाने सांगावं, हो की नाही. मुलं कुरकुरली. सर म्हणाले, बाई, अशाने परिषद उद्या सकाळपर्यंत चालेल.

"माझ्या शासनाला घाई नाही," ती म्हणाली.

नियमात बसत होतं, म्हणून सरांना विचारावं लागलं. एकेकाने उत्तर दिलं. निम्म्यांनी मसुदा वाचलाच नव्हता हे तेव्हा उघडकीला आलं. महासत्तेनेही नव्हता वाचला. मुलं तिच्यावर चिडली आणि त्या संध्याकाळी सगळे मिळून बाहेर जेवायला गेले तेव्हा तिला विचारायचं राहून गेलं. हे तिने सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून वाटाणे सोलत होती. सरांना मात्र तिने विश्वासात घेतलं होतं. घराची सगळी गोष्ट त्यांना सांगितली होती. सर म्हणाले, सही तुझी लागणार ना, मग नकाराधिकार तुझ्या हातात आहे, वापर.

मलाही तेच वाटत होतं. मी म्हटलंही. नको देऊ सही. बसू दे त्यांना वाट बघत.

तिने एक शेंग उघडली आणि दाणे बोटाने भांड्यात ढकलले. "अडवता येईल, मावशी. राहता नाही येणार. ती मुलं तिथून निघतील, दादा बोलणं सोडेल, ताई रडेल, आणि मी कोणाच्या घरात जाऊन बसू? आई तर नाही तिथे."

निकालाच्या थोडं आधी नोंदणी कार्यालयात जायचा दिवस आला. ह्या वेळी ती एकटी गेली. तिथे काय झालं ते तिने मला आल्यावर सांगितलं, आणि मी ते त्याच दिवशी लिहून ठेवलं म्हणून नेमकं सांगू शकते. कारकुनाने कागद पुढे सरकवले. भावाने सही केली, बहिणीने केली. हिने पेन हातात घेतलं आणि म्हणाली, "माझी हरकत आहे. तरी मी सही करते आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

भाऊ म्हणाला, आता कशाला गं हे.

"लिहू नका कुठे. नुसतं ऐकून घ्या."

कारकून वर बघायला लागला. बहिणीने डोळे टिपले. रोखपाल आणि त्याची बायको भिंतीकडे बघत उभी होती. शेवटी भाऊ म्हणाला, "ऐकलं." तिने सही केली. मग सगळे बाहेर आले, भावाने आपल्याकडे चार दिवस चल असा आग्रह केला, तिने नको म्हटलं, आणि ह्या वेळी ते नको तोंडाने म्हटलं. बहिणीने जाताना तिच्या हातात फळांची पिशवी दिली.

ती घरी पोहोचली तेव्हा उन्हं कलली होती. पिशवी ओट्यावर ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी आत यायला वाट दिली तरी ती तिथेच.

"निकालानंतर खोली सोडायची आहे का, मावशी? तसं ठरलं होतं आपलं. दोन वर्षांचं."

"राहा," मी म्हटलं.

ती तशीच उभी होती. माझ्याकडे बघत होती. आणखी काही यायचं आहे अशी तिची समजूत दिसली. यजमान गेल्यापासून, आणि खरं तर त्यांच्या हयातीतही, मी कोणाला असं काही तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की मागू नये, जे वाढतील ते घ्यावं.

"मला तू इथे हवी आहेस," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग "हो, राहते" असं स्पष्ट म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेली. तिचे आणि माझे वेगळे न करता तिने ते एकाच ढिगात खाली आणले. आणखी एक वर्ष ती माझ्याकडे होती. मग तिला दूरच्या गावी शिकवण्याची नोकरी लागली आणि ती गेली.